रिकाम्या विमानातली माणसे : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या चवथीला घरी गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना माझ्या भाच्याने मला एक प्रश्न विचारला. तो विमान देखभालीचा कोर्स करतो आहे. म्हणाला, "मामा, हँगरमध्ये नोकरी लागली की चेक फ्लाइटला आत बसायला मिळतं का?" विचारताना त्याच्या डोळ्यांत जी हौस होती ती मी ओळखली. त्या वयात माझ्याही डोळ्यांत ती होती. मी त्याला नीट उत्तर दिले नाही. हे पत्र म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे, आणि ते आपल्याला लिहितो आहे, कारण त्या हौशीला आवर घालणारा नियम माझ्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

मी पेडणे तालुक्यातला. लहानपणी काजूच्या दिवसांत आम्ही पोरे मोपाच्या पठारावर बोंडू वेचायला जात असू. जानेवारी २०२३ पासून त्याच पठारावरून प्रवासी विमाने उडतात. मधली सगळी वर्षे मी विमान देखभाल अभियंता म्हणून वेगवेगळ्या शहरांतल्या हँगरमध्ये काढली आणि निवृत्त होऊन गावी परतलो.

मोठ्या देखभालीनंतर, किंवा भाड्याने घेतलेले विमान मालकाला परत देताना, प्रवासी न घेता जे तपासणीचे उड्डाण करतात त्याला आम्ही चेक फ्लाइट म्हणतो. लोकांना वाटते, विमान रिकामे आहे, मग धोका कसला? खरे तर वर्षभरात त्या विमानाचे सर्वांत नाजूक उड्डाण तेच असते. रोजच्या फेरीत पायलट विमानाला मर्यादेच्या जवळही नेत नाही. चेक फ्लाइटमध्ये मुद्दाम न्यायचे असते. एक इंजिन बंद करून हवेतच पुन्हा सुरू करायचे, हायड्रॉलिकचा दाब काढून नुसत्या हाताच्या जोरावर विमान आवरते का पाहायचे, वेग उतरवत उतरवत सुरक्षायंत्रणा कधी जागी होते ते बघायचे. आणि हे सगळे अशा विमानात, ज्याचे अंग आम्ही आदल्या काही आठवड्यांत उघडून पुन्हा जोडलेले असते. आमच्या हातून काही चुकले असेल तर ते पहिल्यांदा तिथेच कळते.

२७ नोव्हेंबर २००८ ला फ्रान्समध्ये पर्पिन्याँजवळ जे झाले ते मी नव्या मुलांना नेहमी सांगत आलो. एक एअरबस ए३२० भाडेकरार संपल्यामुळे जर्मन कंपनीकडून एअर न्यूझीलंडकडे परत जाणार होते. त्याला नवा रंग दिला होता. उड्डाणाच्या तीन दिवस आधी अंगावरची धूळ काढायला ते पाण्याने धुतले, पण नाकाजवळचे सेन्सर झाकायची जी पद्धत देखभालीच्या पुस्तकात दिली आहे ती पाळली नाही. हवेचा झोत पंखांवर कोणत्या कोनात येतो ते मोजणारे तीन सेन्सर त्या विमानाला असतात. दोघांत पाणी शिरले आणि वर थंडीत गोठले. दोघेही जवळपास एकाच कोनावर अडकले. संगणक तिघांतल्या दोघांचे ऐकतो, म्हणून चालू असलेला तिसरा सेन्सर खोटा ठरला.

एवढ्यानेही माणसे गेली नसती. पण हवाई नियंत्रकाने सांगितले की अशी चाचणी-उड्डाणे त्या गर्दीच्या हवाई क्षेत्रात करता येणार नाहीत. त्यासाठी आधी परवानगी घेऊन जागा ठरवायला हवी होती. मग दोन्ही पायलट चाचण्यांच्या यादीच्या कार्डावरची कामे जमतील तशी, जमेल तिथे उरकू लागले. वेग उतरवण्याची चाचणी १४,००० फुटांवर करायची होती. ती विमानतळाकडे उतरताना सुमारे ३,००० फुटांवर केली. बिघडलेल्या सेन्सरमुळे यंत्रणा वेळेवर मध्ये पडली नाही. वेग घटत गेला तसा ट्रिम, म्हणजे नाक किती वर राहावे ते ठरवणारी शेपटीकडची जुळणी, आपोआप नाक वर धरण्याच्या बाजूला सरकत गेली. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा वाजल्यावर इंजिनांना पूर्ण जोर दिला तेव्हा नाक आणखी वर उचलले गेले. ट्रिम हाताने फिरवा असा संदेश समोरच्या पडद्यावर आला होता. ट्रिमचे चाक कोणी फिरवले नाही. खाली समुद्र होता आणि सावरायला उंची उरली नव्हती. सात जण गेले. दोन जर्मन पायलट, आणि न्यूझीलंडचे पाच जण : एक पायलट, तीन अभियंते आणि त्यांच्या नागरी विमान प्राधिकरणाचा एक निरीक्षक.

मंत्रिमहोदय, त्या कॉकपिटमध्ये अडाणी कोणी नव्हते. परवाने होते, अनुभव होता. फक्त या कामाचे वेगळे प्रशिक्षण कोणी घेतलेले नव्हते, आणि तसे घ्या असे सांगणारा एकसारखा नियमही त्यांच्यावर नव्हता. फ्रेंच तपास यंत्रणेने आपल्या अहवालात ते नोंदवले आहे.

दुसरी घटना मला अभियंता म्हणून जास्त लागते. जानेवारी २००९, इंग्लंड, नॉर्विचजवळ. बोइंग ७३७ वर देखभालीनंतरची आणि भाडेकरार संपतानाची तपासणी एकाच उड्डाणात उरकायची होती. शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी फळी असते, तिला बॅलन्स टॅब म्हणतात. तिचे समायोजन किती आणि कुठल्या बाजूला करायचे हे तोंडी सांगितले गेले, आणि हँगरमध्ये ती उलट्या बाजूला फिरवली गेली. १५,००० फुटांवर हायड्रॉलिक काढताच विमानाने नाक खाली टाकले. ५,६०० फुटांवर ते कसेबसे सावरले. आतले चौघे वाचले. तोंडी बोललेले एक वाक्य, कागदावर न उतरलेले. माझ्या आयुष्यात मी अशी वाक्ये किती बोललो असेन आणि किती ऐकली असतील, याचा विचार करून अजून झोप उडते.

आणि त्याच्याही आधी, डिसेंबर १९९६ मध्ये, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगरात एक मालवाहू डीसी-८ पडले. मोठ्या फेरबदलानंतरचे तपासणी-उड्डाण होते. उशीर होत होत अंधार पडला, तरी स्टॉलची चाचणी केली, तीही क्षितिज दिसत नसताना. इशारा देणारी यंत्रणा चालली नाही. सहा जण गेले, त्यातले तिघे तंत्रज्ञ.

आता माझे स्वतःचे सांगतो. पंचवीसेक वर्षे झाली. मी तेव्हा ज्या हँगरमध्ये होतो तिथे एका विमानाचा सी-चेक, म्हणजे मोठी ठरावीक देखभाल-तपासणी, संपला होता आणि ते विमान त्याच संध्याकाळच्या फेरीला लावून टाकले होते. पायलट सकाळची दोन उड्डाणे करून थेट आमच्याकडे आले. चाचण्यांचे कार्ड त्यांनी जिन्यापाशी उभ्याउभ्या वाचले. आत आम्ही नऊ जण चढलो. काम होते फक्त चौघांना. बाकीचे हौसेने आले होते. स्टोअरमधला एक मुलगा जन्मात पहिल्यांदा विमानात बसत होता. खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेला तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर गेल्यावर एक इंजिन बंद केले. ते पहिल्यांदा सुरू झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. आता चाचणी सोडून परत फिरायचे की आणखी एकदा बघायचे, यावर दोन्ही पायलटांचे एकमत होईना. मी कॉकपिटमधल्या मागच्या जादा आसनावर, जंपसीटवर होतो, सगळे ऐकत होतो. असे झाले तर काय करायचे हे खाली कोणी बोललेच नव्हते. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागले. उतरल्यावर सगळ्यांनी चहा घेतला.

इंजिन उशिरा लागल्याचा बिघाड लॉगबुकमध्ये लिहिला गेला. नऊ माणसे का चढली, थकलेले पायलट का आले, आधी ब्रीफिंग का झाले नाही, हे कुठेच लिहिले गेले नाही. मीही बोललो नाही. माझी नोकरी नवी होती, आणि तो मुलगा इतका खूश होता. माझे गप्प राहणे मला आजही बोचते.

हे आत्ता का लिहितो आहे? गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारने विमान देखभालीचा उद्योग देशात यावा म्हणून पावले उचलली. २०२० मध्ये या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. मला याचा आनंद आहे. आमच्या काळात मोठी कामे परदेशी जात, आता इथली मुले ती इथे करतील. पण हँगर वाढले की चेक फ्लाइटही वाढणार. शिवाय आपल्या कंपन्यांची बहुतेक विमाने भाड्याची आहेत. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितले. तोवर ती विमाने महिनोन्महिने जागेवर उभी होती. उभ्या विमानाची तब्येत फिरत्या विमानापेक्षा लवकर बिघडते. हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर कव्हर नसेल तर कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर करते. १९९६ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधून उडालेल्या बोइंग ७५७ मध्ये १८९ जण गेले. ते विमान बरेच दिवस उभे होते, शेवटी नळ्यांवर कव्हरही नव्हते, आणि नळी अशाच घरट्याने बुजली असावी असे तपासात मानले गेले. आमच्या किनाऱ्यावर तर खारा वारा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे. अशा विमानाचे पहिले उड्डाण कोण करणार, याचा निर्णय विमान परत द्यायची तारीख जवळ आली म्हणून घाईत होऊ नये.

मोपाला देखभाल केंद्र येणार अशी चर्चा गावात अधूनमधून असते. ते यावे. पण गोव्याचे आकाश लहान आहे. दाबोळी, म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, नौदलाचा तळ आहे. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, नागरी विमानांनी उरलेल्या वेळात यायचे-जायचे. दोन विमानतळ, नौदल आणि पर्यटनाच्या हंगामातली गर्दी, यात चेक फ्लाइटला जागा कुठली? अशा आकाशात चेक फ्लाइट नेहमीच्या फेरीसारखी घुसवली तर पर्पिन्याँच्या पायलटांना जे ऐकावे लागले तेच इथे कोणाला तरी वर गेल्यावर ऐकावे लागेल. समुद्रावरचा ठरावीक पट्टा, ठरावीक वेळ आणि उंची नौदल व हवाई नियंत्रक यांच्याशी बसून आधीच ठरवा, आणि ती मिळाली नाही तर त्या दिवशी उड्डाण रद्द. पावसाळ्यात तर जास्तच. क्षितिज दिसत नसेल आणि दिवसाचा उजेड नसेल तर मर्यादेजवळची कुठलीही चाचणी करू नये.

युरोपने २०१९ मध्ये देखभालीनंतरच्या तपासणी-उड्डाणांसाठी वेगळे नियम केले. उड्डाणाचे दोन स्तर ठरवले. ज्यात असाधारण किंवा आणीबाणीच्या पद्धती मुद्दाम वापराव्या लागतात त्या उड्डाणासाठी पायलटांना वेगळे प्रशिक्षण बंधनकारक केले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही असा एकच, स्वच्छ अध्याय करावा. त्या विमानाचा परवाना आहे एवढ्यावर पायलटला या कामाला पाठवू नये. तो आधी सिम्युलेटरवर याच चाचण्या करून आलेला असावा, त्या दिवशी त्याने दुसरे काम केलेले नसावे. बेंगळुरूला हवाई दलाची टेस्ट पायलट घडवणारी संस्था आहे, तिथल्या लोकांकडून हा अभ्यासक्रम तयार करून घेता येईल. मालक कंपनीचा माणूस जंपसीटवर असेल तर त्याला कार्डाबाहेरचे काही मागता येऊ नये. कार्डावर प्रत्येक चाचणीची किमान उंची आणि ती कुठे सोडून द्यायची तो आकडा छापलेला असावा. ज्या अभियंत्याने काम केले त्याने पायलटला काय उघडले, काय बदलले हे लेखी द्यावे, तोंडी नाही.

आणि विमानात फक्त तीच माणसे, ज्यांच्याविना चाचणी होणार नाही. प्रत्येकाचे नाव आणि काम उड्डाणाआधी लिहून ठेवलेले. हौशीला जागा नको. उड्डाण थांबवण्याचा अधिकार पायलटइतकाच हँगरमधल्या सर्वांत नव्या मुलालाही असावा, आणि तो वापरला म्हणून त्याची नोकरी जाऊ नये, हेही त्याच नियमात लिहा. मी तेव्हा बोललो नाही, कारण बोलल्यावर कोण पाठीशी उभे राहील हे मला माहीत नव्हते.

माझा भाचा पुढच्या वर्षी शेवटच्या परीक्षेला बसेल. तो हँगरमध्ये पाऊल टाकण्याआधी हा अध्याय छापलेला मला पाहायचा आहे. या पत्राची एक प्रत मी त्याला दिली आहे. आपले उत्तर आले तर तेही त्याला देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
पेडणे, गोवा