काणकोणच्या नीताला, तुमच्या पिल्लाविषयी

डिचोली, गोवा

प्रिय नीता,

तुझा निरोप ऐकला. पिल्लू घरी आलं याचा आनंद तुझ्या आवाजातच होता, आणि शेवटी हळूच विचारलेला प्रश्नही: "मोबाईलवरून कुत्रा शिकतो का गं?" याचं उत्तर फोनवर तुटक देण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

शिकतो. पण पडद्यापलीकडचा ट्रेनर शिकवणार तुम्हा माणसांना, आणि पिल्लाला शिकवायचं तुम्ही. एवढं घरात सगळ्यांना पटलं की ऑनलाइन शिकवणीत कसलंच न्यून नाही. उलट एक मोठी सोय आहे. कुत्रा एखादी गोष्ट जिथे शिकतो, तिथेच ती त्याला नीट जमते. मैदानात ट्रेनरच्या हातात पट्टा असताना शहाण्यासारखा बसणारा कुत्रा सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की घरच्या गेटवर धावत सुटतो, कारण तो भोंगा, ते गेट आणि ती घाई मैदानात कधी नव्हतीच. तुमच्या पडवीत, तुमच्याच आवाजात शिकला तर ते तिथंच उपयोगी पडतं. शिवाय परका माणूस घरात नसल्यामुळे पिल्लू रोज जसं वागतं तसंच वागतं, आणि ट्रेनरला खरं घर दिसतं. काणकोणहून पणजीला पिल्लू घेऊन दीड-दोन तासांचा प्रवास करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता तुझ्या घराविषयी. सासूबाई पिल्लाला अंगावर उडी मारू देत नाहीत, मुलं उडी मारली की त्याला कुरवाळतात, आणि भाऊ जेवताना अधूनमधून ताटातला बांगड्याचा तुकडा खाली टाकतात, असं तू सांगितलंस. या तिघांपैकी भाऊंची सवय मोडणं सगळ्यात अवघड जाईल. रोज मिळणारी गोष्ट एकदम बंद झाली की कुत्रा काही दिवसांत ती मागणं सोडतो. कधी मिळते, कधी नाही, अशी गोष्ट मात्र तो फार चिकाटीने मागत राहतो, कारण पुढच्या वेळी मिळेल ही आशा त्याला सुटत नाही. म्हणून पहिल्या सत्राला भाऊंना मुद्दाम समोर बसव. तू सांगितलेलं ते ऐकणार नाहीत, ट्रेनरने सांगितलेलं ऐकतील. आणि त्यांना देण्याची हौस आहे ती राहू दे, फक्त जेवण आटोपल्यावर, पिल्लाच्या भांड्यात, काटा काढून, बिनमिठाचा उकडलेला मासा त्यांनीच द्यावा.

शिकवण्याची रीत साधी आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकासमोरून वर आणि थोडा मागे ने. डोकं वर गेलं की ढुंगण आपोआप टेकतं. टेकलं त्याच क्षणी "शाब्बास" म्हण आणि लगेच तुकडा दे. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशीर झाला की तो तोवर उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे, दिवसातून थोडं थोडं. मात्र शागुतीतला, म्हणजे मसालेदार रश्श्यातला, तुकडा उचलून देऊ नका, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला बाधतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांपासूनही दूर. शिजवलेली हाडं तर नकोतच, ती चिरफळून आतड्यात रुततात.

बोलावण्याचा एक नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा: हाक मारून जवळ बोलावलं तर ओरडायचं नाही, मग त्याने चप्पल का चावलेली असेना. हाकेनंतर चांगलंच होतं असं त्याला वाटलं, तरच तो रस्त्यावर गाडी येत असताना हाकेसरशी मागे फिरेल.

पोदेराच्या भोंग्यासाठी आम्ही जे केलं ते सांगते, कारण ऑनलाइनमुळेच ते सुचलं. भोंगा मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या खोलीतून अगदी हळू वाजवला. कुत्र्याने नुसते कान टवकारले की चिकन. दिवसागणिक आवाज थोडा वाढवायचा, आणि भुंकला तर आपण घाई केली असं समजून पुन्हा खाली आणायचा. ट्रेनर व्हिडिओ बघून सांगायच्या, "इथे त्याचं अंग ताठ झालं, एक पायरी मागे या." माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं. चतुर्थीचे फटाके आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा धुमाकूळ यांची तयारीही अशीच आतापासून कर. आदल्या दिवशी काही होत नाही.

भाऊ म्हणतात ना, कुत्र्याला मालक कोण ते दाखवावंच लागतं? हा समज पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आला. १९४७ मध्ये अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र डांबलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून वर्चस्वाची कल्पना मांडली होती. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तिथं कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची झुंज नव्हे. पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणं, मानगूट पकडून हलवणं, शॉक देणारा पट्टा हे सगळं भीती वाढवतं, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. हे मला अगदी मनापासून वाटतं, नीता. या बाबतीत तू घरात कोणाचंही ऐकू नकोस.

मुलांना मात्र आजच शिकव: तो जेवताना किंवा झोपलेला असताना हात लावायचा नाही. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, अंग ताठ केलं, तर तो "नको" म्हणतोय. गुरगुरला तर रागवायचं नाही, दूर व्हायचं. गुरगुरणं मारून बंद केलं तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतात. मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा ओळखीचाच असतो.

ऑनलाइनने सगळं सुटतं असं नाही. अचानक स्वभाव पालटला, हात लावला की कळवळतो, किंवा एकदा जरी कोणाला चावला, तर आधी पशुवैद्याकडे जा. कान दुखत असेल किंवा गोचीड-ताप असेल तर कोणतीही शिकवणी चालणार नाही. लसींचं वेळापत्रकही पशुवैद्याकडूनच घे, रेबीजची साधारण तीन महिन्यांनी सुरू होते. पण लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडू नकोस. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जग ओळखण्याचा. कडेवर घेऊन बाजार, देवळाबाहेरची गर्दी, छत्र्या, नुस्तेकारणीची, म्हणजे मासेवालीची, टोपली दाखवून आण. जमिनीवर ठेवू नकोस.

ट्रेनर निवडताना नुसती फी विचारू नकोस. कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता, चुकलं तर काय करता, हे विचार. दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल किंवा "जरा झटका द्यावा लागतो" म्हणेल, त्याला नमस्कार. अमुक दिवसांत हमखास, असं सांगणाऱ्यालाही. आपल्याकडे कोणीही स्वतःला ट्रेनर म्हणवून घेऊ शकतो, म्हणून चौकशी आपणच करायची.

पावसाळ्यात लाईट गेली की नेट जातं, तेव्हा दर सत्राआधी रोजच्या वागण्याचे छोटे व्हिडिओ काढून पाठवून ठेव. पहिल्या व्हिडिओत गेटवर पोदेर आलेला हवा, आणि जेवणाच्या वेळी भाऊंच्या पायाशी बसलेलं पिल्लू. आमच्या ट्रेनरबाईंना तुझ्याविषयी विचारलंय, संध्याकाळी साडेसातची वेळ मिळेल म्हणतात. सगळे घरी असतील असा वार कळव.

तुझी,
सुलू