मुलाचा ताबा आणि अपहरणाचे कलम

मुलाच्या ताब्याचा आदेश मोडणाऱ्या पालकावर सरसकट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा, ही आपल्या अंकातील लेखात केलेली मागणी पटली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. न्यायालयाचा मनाई आदेश नसेल, तर नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांना हा गुन्हा लागत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. आदेश असूनही मूल परत न देणाऱ्याचे काय, हा खरा प्रश्न. अवमान याचिकेच्या तारखा पडत राहतात, तोवर मूल नव्या शाळेत रुळते (वकिलांना हे पक्के ठाऊक असते). मात्र रविवारी दोन तास उशिरा आणून सोडणारा आणि मुलासह परराज्यात गायब होणारा, दोघांना एकच कलम कसे लावणार? आदेशभंगासाठी वेगळा, सौम्य शिक्षेचा पण ठरावीक मुदतीत निकाली निघणारा गुन्हा हवा.

– एक वाचक, पुणे