नंदास, खांद्यावर मार्कर लावण्याआधी

पुणे,
२२ जून

प्रिय नंदा,

तुझं पत्र काल हाती पडलं. तुमच्या विभागात अंगावर चिकटवलेल्या चमकत्या गोळ्यांवरून, म्हणजे मार्करांवरून, हालचाल मोजणारे कॅमेरे बसले आणि हाताखांद्याच्या तपासण्या तुझ्याकडे आल्या, हे वाचून इतका आनंद झाला की जेवणं आटोपल्या आटोपल्या लिहायला बसले. तू विचारलंस, ‘कुठला मार्कर कुठे लावायचा याचा तक्ता मिळालाय, मग शिकायचं आणखी काय?’ अगं, तक्त्यात ठिपके आहेत. तो ठिपका माणसाच्या अंगावर शोधायला बोटं लागतात. आज त्याबद्दलच लिहिते.

आधी मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगते, ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. आमच्याकडे एक बाई येत होत्या, वय ५४, मधुमेह, उजवा खांदा पार आखडलेला. तक्रार एकच: ‘मला माझी वेणी घालता येत नाही.’ पहिली तपासणी मी केली. सहा आठवड्यांनी दुसरी झाली तेव्हा मी रजेवर होते, मार्कर सहकाऱ्याने लावले. रिपोर्टमध्ये दंड बाहेरच्या बाजूला वळणं ११ अंशांनी वाढलेलं दिसलं. मी ते बाईंना आनंदाने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पण वेणी तर अजून जमत नाही हो.’

ते वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही तपासण्यांचे फोटो शेजारीशेजारी ठेवले. कोपराच्या आतल्या बाजूचा मार्कर दुसऱ्या वेळी सव्वा सेंटीमीटर पुढे होता. बाईंना पुन्हा बोलावलं, पुन्हा स्वतः हाड चाचपून मार्कर लावले, आणि ते ११ अंश विरून गेले. खांदा जवळजवळ होता तिथेच होता. त्यांना समोर बसवून हे सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, ‘म्हणजे आता परत किती दिवस?’

तूच हिशेब करून बघ. कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांमध्ये साधारण ७ सेंटीमीटर अंतर धर. त्यांना जोडणारी रेघ म्हणजे दंडाच्या हाडाचा आडवा अक्ष. एक मार्कर अर्धा सेंटीमीटर पुढे गेला की ती रेघ ४ अंश फिरते, सव्वा सेंटीमीटर गेला तर १० अंश. कॅमेरे मार्करची जागा मिलिमीटरच्याही आत सांगतात, आणि आपण त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पण कॅमेऱ्याला हाड दिसतच नाही गं. त्याला कातडीवर चिकटवलेला चमकता गोळा दिसतो. तो गोळा कुठल्या हाडाच्या नावाने तिथे बसलाय, हे आपण त्याला सांगतो आणि तो मुकाट्याने मानतो.

म्हणून कोपर असं शोध. हात काटकोनात वाकवायला सांग. अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत दोन्ही उंचवटे धर आणि दुसऱ्या हाताने समोरच्या माणसाचं मनगट धरून कोपर जरासं उघड-मीट कर. बाकी सगळं हलतं, ते दोन बिंदू तेवढे बोटाखाली थांबून राहतात. आतला उंचवटा चांगला टोकदार असतो, बाहेरचा बोथट, तिथेच चूक जास्त होते. आतल्याच्या मागच्या खाचेत दाबू नकोस, तिथून नस जाते, करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. हा आतला मार्कर सुरुवातीच्या स्थिर चित्रणापुरताच ठेवायचा. नंतर काढून टाकायचा, कारण हात हलला की तो अंगाला घासून पडतो. पुढची हालचाल दंडाच्या खालच्या भागावर बांधलेल्या तीन-चार मार्करांच्या पट्टीवरून मोजायची. पट्टी बेंडकुळीवर येऊ देऊ नकोस.

तीन मार्कर का, असं तुझा एखादा विद्यार्थी विचारेल. त्याला लाटणं दाखव. लाटण्याच्या दोन टोकांच्या बरोबर मध्यावर एकेक ठिपका काढ आणि पोळपाटावर लाटणं जागच्या जागी गोल फिरव. दोन्ही ठिपके जिथल्या तिथे, लाटणं फिरलं हे त्यांच्यावरून कळतच नाही. अंगावर बाजूला तिसरा ठिपका असेल तरच कळतं. दंडाचंही तसंच, आणि वर त्याची कातडी आतल्या हाडाइतकी वळत नाही. त्यामुळे दंड स्वतःभोवती किती वळला हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. तो वाचताना सावध राहा.

मानेचा मणका शोधणं त्या मानाने सोपं. मान पुढे झुकवली की तळाशी दोन उंचवटे बोटाला लागतात. दोन्हींवर एकेक बोट ठेव आणि मान सावकाश मागे न्यायला सांग. वरचा उंचवटा बोटाखालून आत निसटतो, खालचा राहतो. तो सातवा. त्याच्यापासून मोजत आठव्या छातीच्या मणक्यापर्यंत खाली ये. पुढून गळ्याखालची खळगी आणि छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. या चार बिंदूंवर धडाचं मोजमाप उभं राहतं. आयएसबी या आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संस्थेच्या २००५ सालच्या शिफारशींत हेच चार दिलेत, आणि पहिले सहा महिने तरी त्या सोडून आपलं डोकं चालवू नकोस.

आता खवाटा, पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड. नंदा, खरी परीक्षा इथे आहे. आपण दिवसभर ‘स्कॅपुला’ म्हणतो, पण माझी आजी ‘खवाट्यात कळ येते’ म्हणायची आणि नेमकं तिथेच बोट ठेवायची. हात वर जाताना हे हाड कातडीखालून सरकतं, गोधडीखालून मांजर सरकावं तसं. गोधडीवर मार्कर चिकटवलास तर मांजर कुठे गेलं ते कळणार नाही. खवाट्याच्या खालच्या टोकावर थेट मार्कर लावून हात वर करायला सांग आणि मग तिथे बोट लावून बघ. हाड कित्येक सेंटीमीटर बाजूला गेलेलं असतं आणि मार्कर बिचारा मागेच राहिलेला.

यावर आम्ही करतो ते असं. खवाट्याची मागची आडवी कड मणक्याकडून बाहेर बोटाने चाचपत न्यायची. ती खांद्याच्या टोकाशी सपाट होते, तिथे हाडावर मांस फार नसतं. त्या सपाटीवर तीन मार्करांचा छोटा तिपाईसारखा तुकडा चिकटवायचा. मग मार्कर लावलेल्या काठीचं टोक एकेक करून तीन जागी टेकवायचं: खांद्याचा मागचा कोपरा, मणक्याकडचा त्रिकोण आणि खालचं टोक. हे बिंदू तिपाईपासून कुठे आहेत ते संगणक लक्षात ठेवतो. हात सुमारे १०० अंशांपर्यंत वर जाईतो हे चांगलं चालतं. त्याच्या वर खांद्याचा स्नायू फुगतो, तिपाईला ढकलतो आणि आकडे कमी येऊ लागतात. म्हणून हात वर धरलेल्या स्थितीतही काठीने तेच तीन बिंदू पुन्हा घ्यायचे. तेव्हा मात्र झटपट हात चालव. दुखरा हात वर धरून उभं राहणं म्हणजे काय, हे त्या माणसाच्या श्वासावरून कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या बाईंसाठी. इनमन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली दाखवलं की हात वर नेताना ढोबळ मानाने दोन वाटे हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक वाटा खवाट्याची. आखडलेल्या खांद्यात हे गणित मोडतं. सांधा हलत नाही, मग खवाटा त्याचंही काम ओढतो. नुसता दंड आणि धड मोजलंस तर दिसेल की हात ९० अंश वर गेला, छान. पण त्यातला किती सांध्याने दिला आणि किती खवाट्याने, हे कळलं नाही तर तू व्यायाम कशाला देणार? बाईंच्या बाबतीत खवाटा मोजायला लागल्यावर कळलं की सांधा अगदीच थोडा हलत होता. व्यायामाची सगळी दिशा बदलावी लागली.

एक राहिलंच. सांध्याचा केंद्रबिंदू शोधायला हात पुढे, बाजूला, गोल असा थोडाथोडा फिरवून घेतात, त्यावरून संगणक केंद्र काढतो. आखडलेल्या खांद्याला ते जमत नाही. जबरदस्ती करू नकोस, खवाट्याच्या बिंदूंवरून सूत्राने काढता येतं.

तुझ्या यजमानांना क्रिकेटचं वेड आहे ना? त्यांना सांग, गोलंदाजाचा चेंडूफेकीचा वादही शेवटी याच कोपराच्या दोन बिंदूंवर येऊन ठेपतो. दंड आडवा झाल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ व्हायला नको, हा नियम २००५ पासून सगळ्या गोलंदाजांना लागू आहे. मुरलीधरनचा कोपर मुळातच पुरता सरळ होत नव्हता. वाकलेला कोपर आणि सरळ होत जाणारा कोपर यांतला फरक टीव्हीवर बघून कळत नाही. म्हणून त्याची तपासणी पर्थच्या विद्यापीठात मार्कर लावून झाली. तिथे ४ अंश इकडे-तिकडे झाले तर एखाद्याची कारकीर्द पणाला लागते.

आता जे कुठल्याही तक्त्यात नाही ते. आपल्याकडे बाया तपासणीला येतात ते पाठ उघडी करण्याची कल्पनाच नसताना. आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांग. मागून उघडा गाऊन, खोलीत फक्त बाया, दाराला कडी, एसी कमी. स्वतःचे हात आधी चोळून गरम कर. बोट लावण्याआधी ‘आता पाठीवर डावीकडे हात लावते’ असं प्रत्येक वेळी म्हण. दचकलेल्या माणसाचे खांदे वर चढतात आणि तेच स्थिर चित्रण म्हणून नोंदलं जातं.

मंगळसूत्र नेमकं छातीवरच्या दोन मार्करांवर लोंबतं. मागे फिरवलं तर मानेच्या मणक्यावर येतं. त्या बाईंनी ते रुमालात बांधून लेकीच्या मुठीत दिलं आणि तपासणी संपेपर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघत होत्या. बांगड्यांचा चमचमाट कॅमेऱ्याला मार्कर वाटतो, पडद्यावर भुतासारखे ठिपके नाचतात. काढायला सांगितल्या की चेहरे उतरतात. आम्ही आता कागदी टेप वरून गुंडाळतो, चमक झाकली जाते, बांगड्याही हातातच राहतात. मानेला खोबरेल लागलेलं असतंच, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू दे, नाहीतर सातव्या मणक्याचा मार्कर पहिल्या हालचालीत खाली.

आणि एवढं माझं ऐकच: एका माणसाच्या सगळ्या तपासण्यांना मार्कर एकाच व्यक्तीने लावायचे. रजा असेल तर तपासणी पुढे ढकल. दरवेळी चारी बाजूंनी फोटो काढून ठेव.

त्या बाई जानेवारीत पुन्हा आल्या होत्या. मोजायचं होतं, पण त्यांनी आधी मला थांबवलं, आरशासमोर गेल्या आणि दोन्ही हात मागे नेऊन तीन पेड घातले. सैल, वाकडी झाली होती वेणी. मग त्या वळून म्हणाल्या, ‘आता लावा तुमचे गोळे.’

रविवारी तुझ्या लेकीला पाठमोरी बसव आणि डोळे मिटून तिच्या खवाट्याचे तिन्ही बिंदू पेनाने काढ. मग डोळे उघडून, हात लावून पडताळ. असं दहा वेळा कर, आणि पहिला व दहावा असे दोन फोटो मला पाठव.

तुझी,
सुलभा