शेती शिकायला जाण्यापूर्वी

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितले असते तर आईने विषय बदलला असता आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून लिहिते आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि पुढच्या महिन्यापासून वर्षभर, पिके आणि जनावरे एकत्र सांभाळणाऱ्या एका शेतावर राहून काम शिकणार आहे. आधी विचारले नाही, कारण शेतीचे नाव निघाले की आपल्या घरात काकांचे ते वर्ष येऊन बसते. बाबा, त्यानंतर तुम्ही आम्हा भावंडांना मातीपासून किती कष्टाने दूर नेलेत, हे मी विसरलेले नाही.

पण काकांची सगळी मदार एकाच पिकावर होती आणि खतही विकतचे होते. मी जे शिकणार आहे त्यात एकाचे उरलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडते. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात (गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसली की ती काम करते आहे असे समजायचे, ही खूण मला फार आवडली) आणि त्या पिकाच्या अवशेषांतून पुढच्या तृणधान्याला त्याचा काही वाटा मिळतो. धान्याचा कडबा जनावरांना जातो आणि त्यांचे शेण गोठ्यातल्या काडीकचऱ्यासह खताच्या ढिगात येते. त्या ढिगाचेही शास्त्र आहे. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावे लागते; शेण जास्त झाले तर नत्र अमोनिया होऊन उडून जातो आणि काडी जास्त झाली तर ढीग तापतच नाही. ओलावा आणि हवा नीट मिळाली तर आतले तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि बहुतेक तणांचे बी व रोगजंतू त्यात मरतात, मात्र बाहेरचा थर आत जावा म्हणून ढीग मधून मधून परतावा लागतो. हे नुसते वाचून हाताला येत नाही, म्हणून तर जाते आहे.

आईला काळजी शेळ्यांची वाटेल. त्यांना एकाच जागी जमिनीलगत चरू दिले तर पोटात जंत होतात, कारण जंतांच्या अळ्या बहुतांशी गवताच्या बुडाशीच असतात. म्हणून रानाचे तुकडे पाडून, गवत थोडे राखूनच कळप पुढे हलवायचा असतो. शेळी गाभण राहिल्यापासून साधारण 150 दिवसांनी विते. करडाला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते आणि चीक पहिल्या एकदोन तासांत पाजावा लागतो, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. हसू नकोस आई, सकाळी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारी तुझी मुलगी उठेल. मला ताप आला की तू रात्रभर उशाशी बसायचीस आणि मी डोळे उघडले की आधी तुझा हात दिसायचा, त्यातले थोडे तरी माझ्यात उतरले असेलच.

राहायला स्वतंत्र खोली आहे, पक्के न्हाणीघर आहे, गरम पाणी आहे, जेवण वेळेवर आहे आणि फोन लागतो. धनुर्वाताची लस घेतली आहे, गोठ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही घेतले आहेत. तुमच्या विम्याचा हप्ता आणि औषधांचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. वर्षाअखेरीस जमले नाही असे दिसले तर तसे स्पष्ट सांगेन. जमीन घेण्याचा विचार आज तरी माझ्या मनात नाही.

आता माझे ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करायची नाही आणि डॉक्टरांकडे जाताना नोंदवही बरोबर न्यायची. आईने गुडघ्याचे व्यायाम रोज करायचे, पाहुणे आले तरी. माळ्यावरचे काही काढायचे असेल तर दादाची वाट पाहायची, स्टुलावर कोणीही चढायचे नाही. आणि बाबा, तिथला चारा, खाद्य, औषध आणि उत्पन्न यांचा हिशेब मी दर महिन्याला तुम्हाला पाठवीन. तो तुमच्या नेहमीच्या लाल पेनाने तपासून द्या, त्यात मला सवलत नको.

उत्तर आईने लिहावे; बाबांनी तूर्त नुसती खाली सही केली तरी चालेल.

तुमची,
धाकटी