मामा, हिशेबाची वही अजून बंद झालेली नाही

तीर्थस्वरूप मामा (आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई) यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या स्नेहमेळाव्यात तुमचा सत्कार कार्यक्रमपत्रिकेत छापलेला होता, शाल आणि श्रीफळ टेबलावर मांडून ठेवलेले होते, आणि तुमचे नाव पुकारले गेले तेव्हा तुम्ही शाळेच्या मागच्या बाजूला पाण्याची टाकी भरली की नाही ते पाहत होता. बोलवायला आलेल्या मुलाला तुम्ही "मोटार बंद करून येतो" असे सांगितलेत आणि आला नाहीत. म्हणून माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत असे ठरले की तुमचे आभार लेखी आणि चारचौघांत वाचले जातील अशा रीतीने मानावेत. कार्यवाह या नात्याने ते काम माझ्याकडे आले.

आधी एक कबुली. 2021 सालच्या जुलैपर्यंत आमचा संघ नावापुरताच होता. दर काही वर्षांनी एक स्नेहभोजन, शिक्षकदिनाला एक फलक आणि मोबाइलवरच्या गटात रोज सकाळी सूर्योदयाची चित्रे, एवढीच आमची सामाजिक कार्याची व्याख्या होती. 22 जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, काही भागांत ते पहिल्या मजल्यापर्यंत चढले, त्यातच पौर्णिमेच्या आसपासची भरती असल्याने पाण्याला खाडीकडे वाट मिळेना, आणि दोन दिवस पुण्या-मुंबईत बसलेल्या आम्हा मंडळींचे घरच्यांशी बोलणेही होईना. त्या दोन दिवसांत आमच्या गटात जेवढे संदेश आले तेवढे त्याआधीच्या दोन वर्षांत आले नसतील. पण करायचे काय, हे एकालाही ठाऊक नव्हते. ते ठाऊक असलेला माणूस शाळेच्या आवारात गुडघाभर रेंद्यात उभा होता आणि त्याच्याकडे स्मार्टफोन नव्हता.

आमचा पहिला टेम्पो पोहोचला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बहादूरशेख नाक्याजवळच्या जुन्या पुलाचा भाग खचल्यामुळे मोठी गाडी आणणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही लहान गाडी केली आणि ती जुन्या कपड्यांनी गच्च भरली. तुम्ही गाठोडी न सोडवताच विचारलेत, "हे कोणी मागितलं होतं?" आम्ही गप्प बसलो. तुम्ही म्हणालात, "कपडे तीन गाड्या भरून आलेत. खराटे आणा, फावडी आणा, घमेली आणा. गाळ ओला आहे तोवर निघेल. एकदा वाळला की टिकाव लागेल." खरे सांगायचे तर आमच्यातील काहींना त्या वेळी राग आला होता. रात्रभर जागून कपडे गोळा केलेल्या माणसाला ते बोल झोंबणारच. संध्याकाळी पहिला वर्ग धुऊन निघेपर्यंत मात्र तो राग उरला नव्हता, कारण सकाळी फावड्याने सरकणारा गाळ दुपारी ऊन पडताच कसा धरून बसतो हे आम्ही स्वतःच्या हातांनी पाहिले होते.

26 जुलै 2005 च्या पुरात तुम्ही नोकरीत होता आणि तेव्हाही शाळा तुम्हीच धुतली होती. त्या अनुभवातून आलेली एक गोष्ट या पत्रात सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ती आमच्यातल्या बहुतेकांना पुष्कळ उशिरा समजली. शाळेची जनरल रजिस्टरे, ज्यांत आमच्या प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ नोंदलेले आहे आणि ज्यांच्या आधारे शाळा सोडल्याचा दाखला दिला जातो, ती 2005 मध्ये भिजली होती. तेव्हा तुम्ही पाने सुटी न करता, उन्हात न टाकता, मधे वर्तमानपत्राचे कागद घालून ते वरचेवर बदलत, सावलीत पंख्याखाली ती वाळवलीत. त्यानंतर तुम्ही कार्यालयाच्या मागे लागून रजिस्टरांचे कपाट वरच्या मजल्यावर हलवून घेतलेत. जिन्यावरून ते जड लोखंडी धूड चढवताना कितीजणांनी नाके मुरडली असतील! 2021 मध्ये खालच्या मजल्यावरचे जवळजवळ सर्व कागद गेले, रजिस्टरे राहिली. दुसऱ्यांदा दाखला काढायला येणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. ज्या गावातील 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही दोन्ही पुरांचा फटका बसला, त्या गावात कागद जपणे हे केवढे काम आहे ते चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको.

शाळेचे आवार मोकळे झाल्यावर आम्ही परत निघण्याच्या बेतात होतो. तुम्ही तुमच्या खाकी पिशवीतून दोनशे पानी वही काढलीत. त्या वहीत गल्लीवार घरे लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढे काय हवे ते होते: एकीकडे शेगडी, दुसरीकडे रक्तदाबाच्या गोळ्या, तिसऱ्या घरी नुसते "माणूस हवा, गाळ उपसायला". जिथे म्हातारी माणसे एकटी आहेत ती घरे तुम्ही लाल शाईने लिहिली होती आणि तिथून सुरुवात करायची, असे सांगितलेत. आमच्यातील कोणाच्या ओळखीचे घर यादीत खाली असेल तर ते वर घेण्याची विनंती तुम्ही एकदाही मान्य केली नाहीत. माझ्या सख्ख्या मावशीचा क्रम चौदावा होता आणि तो चौदावाच राहिला. तेव्हा मला ते लागले होते. मावशीला मात्र लागले नाही. तिने आम्हाला चहा देताना सांगितले, "मामांनी परवाच येऊन सांगितलं होतं, तुमच्याकडे वर माडी आहे, तुम्ही थांबा."

तुम्ही आणखी दोन नियम घातले होते. पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरायचे नाही, आणि कोणाच्याही घरात मदत देताना छायाचित्र काढायचे नाही. पहिल्या नियमामागचे कारण आमच्या डॉक्टर मैत्रिणीने त्याच दिवशी समजावून दिले: पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कातडीवरची लहानशी चीरही त्याला पुरते. दुसऱ्या नियमाचे कारण तुम्ही दिले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

त्या तीन आठवड्यांत संघातल्या माणसांचा खरा उपयोग काय आहे हेही तुम्हीच हेरलेत. बँकेत नोकरी केलेल्या दोघांना तुम्ही फावडी धरू दिली नाहीत. त्यांना पंचनाम्याचे आणि विम्याचे कागद भरून द्यायला शाळेच्या व्हरांड्यात बसवलेत. तिथे लागलेली रांग पाहून आम्हाला कळले की बुडालेल्या दुकानदाराला फिनेलच्या बाटलीइतकीच अर्ज लिहून देणाऱ्या माणसाचीही गरज असते. वायरिंग जाणणारा आमचा एक वर्गमित्र घरोघरी जाऊन, मीटर तपासल्याशिवाय कोणी बटण दाबू नये म्हणून बजावत फिरला. पूर कोळकेवाडी धरणाच्या पाण्याने आला, अतिवृष्टीने आला की नदी गाळाने भरल्यामुळे आला, यावर आम्ही रात्री तावातावाने वाद घालत असू. तुम्ही तो वाद एकदाच ऐकलात आणि उद्या किती घमेली लागतील ते विचारलेत. पुढे डिसेंबरमध्ये नदीतील गाळ काढण्याच्या मागणीसाठी गावाने साखळी उपोषण केले तेव्हा मात्र मंडपात तुम्ही आमच्या आधी येऊन बसला होता.

आज संघाची जी कामे चालतात त्यांची घडी त्या वहीवरूनच बसली आहे. मृग नक्षत्राच्या आधीच्या रविवारी आम्ही शाळेत जमतो, वरच्या मजल्यावर ठेवलेली फावडी, घमेली, दोर, गमबूट आणि ब्लीचिंग पावडर मोजतो, आणि नदीकाठच्या गल्ल्यांत फिरून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी नवी करतो. रक्तदान शिबिराची तारीख आता आम्ही रक्तपेढीला विचारून ठरवतो. पूर्वी ती आमच्या सोयीने ठरत असे. शाळेच्या मुलांना वह्या द्यायच्या झाल्या तरी आधी वर्गशिक्षिकांकडून यादी मागवतो. त्यामुळेच गेल्या वर्षी वह्यांऐवजी बसचे पास निघाले, कारण लांबच्या वाडीतल्या मुलींना खरी अडचण तीच होती. "हे कोणी मागितलं होतं?" हा प्रश्न आता बैठकीत कोणी ना कोणी विचारतोच, आणि बहुधा तुमच्या आवाजाची नक्कल करून विचारतो. त्याबद्दल राग मानू नये.

मामा, तुम्ही तीस वर्षे आमच्यासाठी घंटा वाजवलीत, उशीर झाला की फाटकापाशी अडवलेत, आणि शाळा सुटल्यावर आम्ही तुम्हाला विसरलो. निवृत्तीनंतर ज्या शाळेशी तुमचा कागदोपत्री संबंध राहिला नव्हता तिच्यासाठी आणि आमच्यासारख्या दुरून आलेल्या, काहीशा मिजाशी माणसांसाठी तुम्ही त्या पावसाळ्यात जे केलेत त्याबद्दल संघाच्या वतीने आणि माझ्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो.

आता हिशेबाचे. आमच्या खजिनदार बाईंनी तुमची वही पुन्हा तपासली. मालाचा खर्च, गाडीभाडे, डिझेल, सारे पैशापैशाने जुळते. परंतु त्या तीन आठवड्यांत रोज आम्हा वीस-बावीस जणांना दोन वेळचा चहा कोणी पाजला, लांबच्या गल्ल्यांत जायला रिक्षाचे पैसे कोणी दिले आणि पहिल्या दिवशीचे सहा खराटे कुठून आले, याची एकही नोंद त्यात नाही. बाईंचे म्हणणे आहे की या रकमा लिहून मिळेपर्यंत 2021 चे खाते त्या बंद करणार नाहीत, आणि त्यांचा स्वभाव तुम्ही त्या पाचवीत असल्यापासून ओळखता. येत्या मृगाआधीच्या रविवारी वही घेऊन वरच्या मजल्यावर यावे. सत्कार ठेवलेला नाही, आणि पाण्याची मोटार आम्ही आधीच बंद करून ठेवू.

आपला नम्र,
कार्यवाह, माजी विद्यार्थी संघ
(दहावी, 1993 ची तुकडी, फाटकापाशी नेहमी अडवला जाणारा)