बारवेच्या ओवीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विठ्ठलाच्या आणि माहेरच्या इतक्या ओव्या असताना ऑर्गनवरच्या माझ्या रचनेसाठी मी नेमके बारवेत सुनेचा बळी देण्याचे ते अभद्र गाणे का घेतले, असे तुम्ही परवा विचारलेत. फोनवर धड सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

बारा वर्षे बारवेला पाणी लागत नाही, सासरा सुनेला ओटी भरून पायऱ्या उतरायला लावतो, आणि पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला येते. शेजारच्या कानडी मुलखात हीच कथा भागीरथी नावाच्या सुनेची आहे. 1972 च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडलीत, सुकडीवर दिवस काढलेत. पाण्यापायी माणसे काय पणाला लावतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. हे गाणे आपल्या मातीतले आहे आणि ते झाकून ठेवणे मला पटत नाही.

ऑर्गन म्हटले की तुम्हाला संगीत नाटकातली भात्याची पेटी आठवेल. इथल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनमध्ये वारा शेकडो नळ्यांतून जातो आणि खालचे सूर पायांनी वाजवतात. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे 33 कंपनांचा असतो. तो कानापेक्षा बाकाच्या लाकडातून अधिक कळतो. आई, तो प्रथम वाजवला तेव्हा मला आपली पडवी आठवली. गावात गिरणी आल्यावरही तू तूर जात्यावरच भरडायचीस, मी तुझ्या मांडीवर डोके ठेवून पडायचे आणि ती घरघर माझ्या अंगात शिरायची.

म्हणून जाते मी पायांकडे दिले. बाख या जर्मन संगीतकाराच्या सी मायनर पॅसाकॅलियात, म्हणजे खालची एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या रचनेत, आठ बारची (आवर्तनांची) ती ओळ आधी पायांनी एकटीच वाजते आणि मग तिच्यावर वीस रूपे उभी राहतात. तीच रीत मी धरली आहे. मींड मात्र पट्ट्यांवर निघत नाही. सुनेच्या हाकेसाठी मी स्वरखुंटी, म्हणजे नळ्यांच्या एका रांगेला वारा सोडणारी खुंटी, अर्धवट ओढते, नळीला वारा कमी पडतो आणि सूर खाली घसरतो.

तरीही पहिला खर्डा निर्जीव झाला. ऑर्गनचा वारा थकत नाही, पट्टी दाबून ठेवाल तोवर सूर चालतोच, आणि माझी ओवी कुठे श्वासच घेत नव्हती. मग दिवाळीत केलेले तुझे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. प्रत्येक ओळ संपली की तू थांबतेस, मूठभर तूर जात्याच्या तोंडात घालतेस आणि मग पुढची ओळ उचलतेस. पाणी गळ्याला आल्यावर मात्र तू मूठ घातलीच नाहीस. दोन ओळी एका दमात म्हटल्यास, जाते रिकामे फिरत राहिले आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तेवढ्या जागेसाठी मी सगळा खर्डा पुन्हा लिहिते आहे.

आई, आजीही तिथे मूठ राखून ठेवायची का, की तुझ्या हातून ते आपोआप झाले? शेवटची ओवीही तू त्या दिवशी अर्ध्यावर सोडलीस. बाबा, पंखा बंद करून आणि फोन जात्यापासून हातभर लांब ठेवून तेवढी ओवी मुद्रित करून पाठवा. जाते रिकामे असले तरी चालेल.

तुमची,
ताई