गोदीला हाक मारणाऱ्या काकूंस

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापू नये, असे आपण मला दोनदा बजावले आहे. त्यामुळे ज्या पत्रात आरंभापासून नावांचीच चर्चा आहे, त्याच्या मायन्यातच नाव नाही, ही गंमत मला निमूटपणे सोसावी लागते. दांडिया बाजारात ज्यांनी ओळखायचे, ते ओळखतीलच.

माझ्या कादंबरीचा काळ 1919 ते 1942 आणि गाव आपले बडोदे. तीन वर्षे लिहूनही तिच्यातली माणसे मला परकीच वाटत होती. दोष त्यांच्या नावांत आहे, एवढे उमगले होते. उपाय मात्र सापडत नव्हता. ज्या कार्यशाळेची फी मी मुकाट्याने भरली, तिथल्या मार्गदर्शकांनी अर्थासहित नावांच्या याद्यांची झेरॉक्स हाती ठेवली आणि तेजस्वी माणसाला तेजस्वी अर्थाचे नाव द्यावे, असा मंत्र दिला. जणू पाळण्यात वाकून कुर्रर्र करताना आत्याला कळतच असते, की हे पोर पुढे सावकार होणार की फरारी. एका प्रकाशनसंस्थेतल्या गृहस्थांनी तर हस्तलिखित न उघडताच सांगून टाकले, की नावांचे काय, ती शेवटी बदलता येतात. दोघांनाही माझा नमस्कार. त्यांनी वाटेला लावले, म्हणूनच मी आपला जिना चढलो.

आपण ते बाड आठ दिवस ठेवून घेतलेत आणि नवव्या दिवशी विचारलेत, “ही सुनीता 1919 सालची? मी शिकवलेल्या एकेका वर्गात चार-चार सुनीता होत्या, पण माझ्या आईच्या मैत्रिणींत एकही नव्हती. आणि सुनीता, सुमती, सुशीला, सुधा, एवढ्या ‘सु’ एका घरात? एकीला बोलावलं तर चौघी उठून येतील.” पुढे एका पानावर माझी सून सासूसमोर नवऱ्याला खुशाल ‘वसंत’ म्हणत होती. तिथे समासात आपण काही न लिहिता पेन्सिलीने नुसते एक उद्गारचिन्ह काढले होते, आणि ते मला दहा शेऱ्यांपेक्षा जास्त लागले. नातवाला आजोबांचे नाव ठेवले, की आजीची पंचाईत होते, मग ती त्याला जन्मभर ‘बाळ’ म्हणते आणि तो साठीतही बाळच राहतो, हे मी माझ्याच घरात पाहिलेले होते. लिहिताना ते कुठे गेले होते, कोण जाणे.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. त्या संध्याकाळी आपण हस्तलिखित मिटून ठेवलेत, गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि मागच्या सज्जात जाऊन, कठड्याला धरून, खालच्या चौकाकडे तोंड करून हाक मारलीत, “सुनीता, जेवायला ये गं!” क्षणभर थांबून, मानेने नाही म्हणत, पुन्हा मारलीत, “गोदेऽऽ, ए गोदे!” पहिली हाक सज्जातच विरली होती, दुसरी चौक ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. खालच्या बिऱ्हाडातल्या बेन बाहेर आल्या आणि वर पाहून विचारू लागल्या, “कोने बोलावो छो, काकी?” आपण अगदी सहज उत्तर दिलेत, “मारी छोकरीने.” जी मुलगी केवळ माझ्या कागदावर होती, तिला आपण शेजारणीसमोर आपली म्हटलेत. मी आत बसून होतो आणि मला चष्मा पुसावा लागला, हे आपल्याला दिसले नसावे.

त्यानंतर मी प्रत्येक नाव हाक मारूनच तपासले. ज्याची हाक होत नाही, रागात ज्याचा ‘दत्त्या’ आणि लाडात ज्याचा ‘दत्तू’ होत नाही, ते मी खोडले. बडोदे संस्थानात 1906 पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, तेही मुलींसकट, म्हणजे माझी नायिका शाळेच्या पटावर असणारच. तिथे ती गोदावरी, घरात गोदी, मांडवीतल्या दुकानदाराला गोदावरीबेन, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिले जाईल ते इंदिरा. एका माणसाला चार नावे फार होतात, अशी शंका मी काढली, तेव्हा आपण हसून राजवाड्याकडे बोट दाखवलेत. गोपाळराव 1875 मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव झाले. त्यांच्या दोन्ही राण्या, तंजावरच्या लक्ष्मीबाई आणि देवासच्या गजराबाई, लग्नानंतर चिमणाबाईच झाल्या. जिथे महाराजांचेच नाव बदलले, तिथे गोदीची काय कथा?

काकू, आपण माझ्याकडून चहाशिवाय काही घेतले नाहीत, आणि तो चहादेखील आपणच केलेला होता. दुसऱ्याच्या अर्ध्याकच्च्या लिखाणाला आठ दिवस देणे आणि मग त्याला न दुखवता खरे सांगणे, हा सभ्यपणा मला फी घेणाऱ्यांकडे आढळला नाही; तो दोन जिने चढून गेल्यावर, गुडघेदुखीच्या तेलाच्या वासात सापडला.

आता एकच अडचण उरली आहे. गोदी सासरी पोहोचली, तांदळावर ‘इंदिरा’ लिहून झाले. पण पहिल्या रात्री सासूने तिला स्वयंपाकघरातून हाक मारली, तर ते नाव आपले आहे हे तिच्या ध्यानात यायला किती वेळ लागेल, हे मला ठरवता येत नाही. गुरुवारी संध्याकाळी पाने घेऊन येतो. पेन्सिल आणि सज्जा आपला.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला,
‘सु’वाला लेखक